दमा मुलांनीच मुलांना शिकवावा
दम्याविषयी शाळेत वर्षातून एकदा डॉक्टरांचे व्याख्यान ठेवावे, ही आपली सूचना चांगली असली तरी मला अपुरी वाटते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण भागातील सहा माध्यमिक शाळांत झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अकरावीच्या प्रशिक्षित विद्यार्थ्यांनी दहावीच्या मुलांना दम्याविषयी शिकवले आणि दहावीच्या मुलांनी पुढे तेच सातवीच्या मुलांसमोर सादर केले. त्यातून दमा असलेल्या मुलांचे, विशेषतः दहावीच्या विद्यार्थ्यांचे आणि एकूणच मुलींचे, जीवनमान सुधारले. दमा असलेल्या माझ्या पुतण्याला पंपाची (इनहेलरची) भीती नव्हती, लाज होती. तो शाळेच्या स्वच्छतागृहात लपून घाईघाईने फवारा घेई, मग दहा सेकंद श्वास रोखणे राहून जाई आणि बरेचसे औषध घशातच बसे. पंप कसा घेतात हे वर्गातल्या सगळ्यांनाच ठाऊक असते, तर त्याला लपावे लागले नसते.