टाऊनशेंडचा नवा रॉक ऑपेरा अण्णांना कसा ऐकवू?

दौंडरोड (नोव्हेंबर २००६)

'द हू' या ब्रिटिश रॉक बँडची 'एन्डलेस वायर' परवा हातात पडली, भाच्याने लंडनहून पाठवली. १९८२ च्या 'इट्स हार्ड'नंतर, म्हणजे तब्बल २४ वर्षांनी त्यांचा नवा स्टुडिओ अल्बम! आणि त्यातली शेवटची दहा गाणी म्हणजे 'वायर अँड ग्लास', बँडचा गिटारवादक-गीतकार पीट टाऊनशेंड याचा नवा छोटा रॉक ऑपेरा, म्हणजे रॉक गाण्यांतून सांगितलेली सलग गोष्ट. तीन रात्री मी धड झोपलेलो नाही. कीथ मून १९७८ साली गेला, जॉन एंटविसल २००२ साली. चौघांतले दोघंच उरले, टाऊनशेंड ६१ वर्षांचा झाला, आणि हा माणूस पुन्हा गोष्ट सांगायला बसलाय. अल्बमचं पहिलं गाणं 'फ्रॅगमेंट्स' सुरू झालं आणि ते गरगरणारे सूर ऐकून अंगावर सरसरून काटा आला. थेट त्यांच्या जुन्या 'बाबा ओ'रायली' या गाण्याची आठवण!

त्या गाण्याच्या नावातले बाबा म्हणजे आमचे मेहेरबाबा, टाऊनशेंडचे आध्यात्मिक गुरू. आम्ही मूळचे नगरचे. दौंड रस्त्यावर अण्णांचं सायकलचं दुकान होतं. अरणगावला समाधीच्या दर्शनाला येणारे परदेशी लोक आमच्याकडून तासावर सायकली न्यायचे. १९८१ साली एक अमेरिकन बाई परत जाताना मला 'टॉमी' या द हूच्या जुन्या रॉक ऑपेराची कॅसेट देऊन गेल्या. तेव्हा मी नववीत होतो. दुकानातल्या टेपवर ती इतकी वाजली की फीत ताणून आवाज रडका झाला. पुढे पुण्यात एकाकडे मूळ एलपी पाहिली, तर श्रेयनामावलीत चक्क 'अवतार: मेहेरबाबा' छापलेलं! ती आली मे १९६९ मध्ये. बाबांनी देह ठेवला त्याच वर्षी ३१ जानेवारीला.

अण्णांना इंग्रजी येत नाही. त्यातला नायक टॉमी बहिरा, मुका आणि आंधळा आहे एवढं मी तेव्हा सांगितलं, तर पंक्चर काढता काढता म्हणाले, "बाबाही ४४ वर्षं बोलले नाहीत. पण ते मुके नव्हते." हे वाक्य मी विसरलेलो नाही.

आता अण्णा ७८ वर्षांचे आहेत, माझ्याकडे पुण्यातच असतात. हा नवा ऑपेरा त्यांना ऐकवायचाच आहे. पण गोष्ट मलाच नीट लागत नाही. गॅब्रिएल, जॉश आणि लैला ही तीन मुलं बँड काढतात, इथपर्यंत कळलं. पुढे कसं सांगू? गाणी आधी की गोष्ट आधी?

पूर्वा_न्यूजर्सी

दादा, सप्टेंबरमध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला मी हा ऑपेरा प्रत्यक्ष ऐकला! तेव्हा अल्बम यायचा होता, जुलैमध्ये आलेली छोटी सीडीच काय ती हाताशी होती. कार्यक्रम संपताना बाकी सगळे वादक आत गेले आणि रंगमंचावर टाऊनशेंड नि बँडचा गायक डाल्ट्री दोघंच राहिले. एक गिटार, एक आवाज, 'टी अँड थिएटर'. तिघांतला एक गेला, एकाचं डोकं फिरलं, एक उरला, असं ते गाणं. गोष्ट त्या मुलांची, पण समोर ती दोन माणसं उभी असताना डोळे कोरडे कसे राहणार? माझ्या शेजारचे पन्नाशीचे गृहस्थ हुंदके देत होते.

गोष्टीचं म्हणाल तर आधी 'द बॉय हू हर्ड म्युझिक' वाचा. टाऊनशेंडने ही कादंबरिका गेल्या वर्षापासून इंटरनेटवर हप्त्याहप्त्याने टाकली होती. गोष्ट सांगणारा रे हाय हा म्हातारा रॉकस्टार. तो टाऊनशेंडच्या १९९३ च्या 'सायकोडेरेलिक्ट' अल्बममधलाच. जॉश ज्यू, गॅब्रिएल ख्रिश्चन, लैला मुसलमान. एवढं डोक्यात ठेवलं की 'अनहोली ट्रिनिटी' गाणं आपोआप उलगडतं.

पेटीवाला

मी संगीत नाटकांच्या साथीला बसणारा माणूस, त्यामुळे थोडं वेगळं मत. वीसेक मिनिटांत दहा गाणी आणि मध्ये गद्याचा एक शब्द नाही. आपल्याकडे पद सुरू होण्याआधी प्रवेश झालेला असतो, कोण कोणावर रुसलंय हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. इथे पदं आहेत, प्रवेश गायब. गाणी उत्तम, पण ऑपेरा म्हणून मला ते अपुरं वाटलं. द हूच्याच आधीच्या 'क्वाड्रोफेनिया' ऑपेरात दोन एलपी होत्या, त्याच्या नायकाला, जिमीला, वाढायला जागा होती.

'मिरर डोअर'मध्ये दिवंगत गायकांची नावं घेतली आहेत, त्यात डोरिस डे यांचंही आहे. गाणं आलं तेव्हा त्या हयात होत्या. एवढ्या मोठ्या माणसाने खात्री करायला हवी होती.

दौंडरोड

पेटीवाले, प्रवेश गायब हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच सापडलं. प्रवेश मीच करायचे! अपुरं मात्र मी म्हणणार नाही. १९७१ मध्ये टाऊनशेंडला 'लाइफहाउस' हा रॉक ऑपेरा अर्धवट सोडावा लागला, त्यातली गाणी 'हूज नेक्स्ट' अल्बममध्ये गेली. तारांच्या जाळ्याने जोडलेली माणसं ही कल्पना तेव्हाचीच. पस्तीस वर्षं एकच गोष्ट उराशी धरून बसणं, आणि ती वीस मिनिटांत का होईना, सांगून टाकणं. मला हे फार मोठं वाटतं.

पूर्वा, कादंबरिका शोधून शनिवारी रात्री बसून वाचली. मनापासून आभार.

रविवारी दुपारी अण्णांना ऐकवलं. कीर्तनकार आख्यान लावतात तसं केलं. आधी मराठीत प्रसंग, मग गाणं, मग थांबा. 'साउंड राउंड'ला त्यांनी कानावर हात ठेवले. 'ट्रिल्बीज पियानो' पुन्हा लावायला सांगितलं, दोनदा. 'टी अँड थिएटर' संपल्यावर बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "हा नगरला आला होता का कधी?"

म्हटलं, टाऊनशेंड आला होता, १९७२ साली, समाधीच्या दर्शनाला.

"मग आपल्याकडून सायकल नेली असेल," म्हणाले. "उंच होता का?"

उंच, आणि नाक मोठं, असं मी सांगितलं. अण्णा डोळे मिटून आठवत बसले. अमरतिथीला, ३१ जानेवारीला, त्यांना घेऊन अरणगावला जातोय. येताना पूर्वीच्या दुकानाच्या जागेवर थांबायचं त्यांनी आत्ताच बजावून ठेवलंय.