‘रन’ : पळणं, चालणं की वाहणं?

अनुवादिका :
आरोग्याच्या एका माहितीपत्रकाचा मराठी मसुदा तपासायला आलाय. यंत्राने केलेला आहे हे दुसऱ्याच ओळीत कळलं: ‘मूल ताप धावत असल्यास’. मूळ वाक्य होतं ‘इफ द चाइल्ड इज रनिंग अ फीव्हर’. पुढे हात धुवायचे ते ‘धावत्या पाण्याखाली’, आणि औषधं पुन्हा आणायची ती ‘धावून बाहेर जाण्यापूर्वी’. दुरुस्त्या मी करीनच: ताप असेल तर, वाहत्या पाण्याखाली, औषधं संपायच्या आधी. पण शाळेत आपण ‘रन म्हणजे पळणे’ असं घोकलं. मग ताप, पाणी, दुकान, नाक ही मंडळी कधीपासून पळायला लागली? यात काही सूत्र आहे, की एकेक प्रयोग सुटा पाठ करायचा?

कोशवेडा :
सूत्र आहे, पण ते पायांत नाही, पाण्यात शोधा. जुन्या इंग्रजीतल्या ‘रिन्नन’ या क्रियापदाला धावणं आणि वाहणं असे दोन्ही अर्थ होते. जर्मनमध्ये ही कामं अजून वाटलेली आहेत. ‘रेनेन’ म्हणजे धावणं आणि ‘रिनेन’ म्हणजे ओघळत वाहणं. इंग्रजीने दोन्ही एकाच्याच गळ्यात घातली. म्हणून त्यांचं नाक ‘रन’ होतं, आपलं गळतं. धुण्यात त्यांचा रंग ‘रन’ होतो, आपला जातो किंवा दुसऱ्या कपड्याला लागतो. चीज करताना दूध साकळायला जे रेनेट घालतात, ते नावही याच धातूचं.

दुसरी गंमत प्रयोजकाची. मराठीत दुकान चालतं आणि मालक ते चालवतो. घोडा दौडतो आणि स्वार त्याला दौडवतो. मधे ‘व’ घातल्याशिवाय आपलं भागत नाही. जुन्या इंग्रजीत करवून घेण्यासाठी निराळं क्रियापद होतं, ते पुढे या मुख्य शब्दातच मिसळून गेलं. त्यामुळे आता यंत्र स्वतःही ‘रन’ होतं आणि माणूस यंत्रालाही ‘रन’ करतो. मग गिरण्या आल्या, आगगाड्या आल्या, संगणकाचे प्रोग्रॅम आले आणि सगळ्यांचा भार याच शब्दावर पडला. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद ‘सेट’ची होती. २०११ पर्यंत सुधारित नोंदींमध्ये ‘रन’ने तिला मागे टाकलं: एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. ती नोंद लिहायला कोशकार पीटर गिलिव्हर यांना नऊ महिने लागले.

६४५ पाठ कोण करणार! मी एवढंच बघतो की ‘रन’च्या शेजारी नाम कुठलं बसलंय. यंत्र, धंदा, संस्था असेल तर नव्वद टक्के वेळा ‘चालणे-चालवणे’. इंग्रज जिथे पळतो तिथे मराठी माणूस चालतो. द्रव असेल तर वाहणे, गळणे, ओघळणे, पाझरणे यांतलं नेमकं काय ते निवडायचं. इथे मराठी जास्त श्रीमंत आहे, उगीच सरसकट ‘वाहणे’ लिहू नये. आणि मागे ‘आउट’, ‘इनटू’, ‘डाउन’, ‘अप’ असं शेपूट असेल तर ‘रन’ला विसरून जायचं. मीठ संपतं, जुना मित्र अचानक भेटतो, पाठीमागे लोक नावं ठेवतात, वाण्याकडे उधारी साचते. या चारही ठिकाणी इंग्रजीत ‘रन’ आहे आणि मराठीत धावपळीचा मागमूस नाही.

उलटही होतं बरं का. ‘हिज इमॅजिनेशन रॅन अवे विथ हिम’ यात कल्पना इंग्रजी माणसाला घेऊन पळते, आपला मात्र वाहवत जातो.

साइटवाला :
इंग्रजीचं राहू द्या, आमच्या धंद्यात ‘रनिंग’ हा आता मराठीच शब्द आहे. रेलिंग, स्कर्टिंग, स्वयंपाकघराचा ओटा यांचा भाव रनिंग फुटावर ठरतो. म्हणजे रुंदी कितीही असो, मोजायची ती सलग लांबी. सुताराला ‘धावता फूट’ म्हणालात तर तो टेप गुंडाळून घरी जाईल. तसंच रनिंग बिल. काम चालू असताना झालेल्या कामापुरतं जे बिल टाकतो ते. ते पास व्हायला जो वेळ लागतो त्याला मात्र ‘रनिंग’ कुठल्याच अर्थाने म्हणता येणार नाही.

लोकलकर :
लोकल ‘रनिंगमध्ये पकडली’ हे राहिलं. मुंबईत याला प्रतिशब्द नाही आणि लागतही नाही. (करू नका तसं, एवढंच म्हणतो.)

अनुवादिका :
साइटवाले दादा, हसून पुरेवाट झाली. कोशवेडा, निवडणुकीचं काय? परवा एका बातमीत ‘अध्यक्षपदासाठी धावत आहेत’ असं वाचलं.

कोशवेडा :
हा उचलेगिरीचा नमुना. अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तोच ‘स्टँड’ करतो. या बाबतीत आपण ब्रिटिशांच्या बाजूचे, आपला उमेदवार उभा राहतो. आणि उभा राहतो म्हणूनच तो पुढे पडतो किंवा त्याला पाडतात. धावणाऱ्याला पाडलं तर ती निवडणूक नव्हे, कबड्डी होईल. ‘निवडणूक लढवत आहेत’ किंवा ‘रिंगणात आहेत’ लिहायला जागाही तेवढीच लागते.

गावकरी :
तुम्ही सगळे मराठी ‘धाव’ला फारच गरीब समजताय. मोट म्हणजे बैलांकडून विहिरीचं पाणी ओढायची मोठी पिशवी. मोटेच्या विहिरीला लागून जी उतरती वाट असते तिला धाव म्हणतात. मोट भरली की बैल त्या उतारावरून पुढे जातात, मोट वर येऊन थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या हौदात, रिकामी होते, आणि बैल उलट्या पावलांनी मागे सरकत पुन्हा विहिरीच्या काठाशी येतात. वाटेचं नाव धाव, पण तिच्यावर कोणी धावत नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी असते तीही धावच. लोहार ती लाल होईपर्यंत तापवतो, चाकावर चढवतो आणि वरून पाणी ओततो. आकसली की ती अशी बसते की लाकडाचे सांधेसुद्धा आवळले जातात. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, हे तर सगळ्यांनाच पाठ असेल. धावती भेट, धावता आढावा, धावतं समालोचन यांतलं शेवटचं इंग्रजीवरून आलेलं दिसतं, पण आता घरचंच झालंय.

आणि क्रिकेटवाल्यांनो, ‘धावा’ काढायच्या असतात तसा देवाचा ‘धावा’ करायचाही असतो. शेवटच्या षटकात वीस हव्या असतील तर दोन्ही एकदम चालू असतात.

कोशवेडा :
वा! मोटेची धाव माझ्या लक्षातच नव्हती. ‘रन’चा एक खोटा भाऊबंदही सांगून टाकतो. ‘रन द गाँटलेट’ यातलं गाँटलेट म्हणजे लोखंडी हातमोजा असं बहुतेकांना वाटतं. मुळात तो स्वीडिश ‘गातलोप’, म्हणजे गल्लीतून धावणं. शिक्षा झालेल्या सैनिकाला दोन रांगांमधून पळायला लावत आणि दोन्ही बाजूंनी फटके मारत. १६१८ ते १६४८ च्या तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात हा शब्द इंग्रजीत शिरला आणि उच्चाराच्या साम्यामुळे हातमोज्यात अडकला. म्हणजे गाँटलेटमध्येच धावणं आहे आणि वर पुन्हा ‘रन’! आपल्या ‘लेडीज बायका’ किंवा ‘पिवळा पितांबर’सारखंच. मराठीत ‘टीकेच्या भडिमारातून जावं लागलं’ म्हणावं, हातमोजा काढून ठेवावा.

अनुवादिका :
शेवटचं एक. पत्रकात ‘अस्थमा रन्स इन द फॅमिली’ आहे. मसुद्यात अर्थातच दमा कुटुंबात धावतोय. ‘दमा रक्तातच आहे’ चालेल का?

गावकरी :
नको. रक्तात गाणं असतं, कुस्ती असते, फार तर हट्ट असतो. दमा रक्तात आहे म्हटलं की म्हातारी माणसं रक्त तपासायला निघतील.

कोशवेडा :
‘दम्याचा कौटुंबिक इतिहास’ही नको, तो फक्त केस पेपरवर शोभतो. ‘आनुवंशिक’ बरोबर आहे, पण पत्रक घराघरांत जाणार असेल तर लोक बोलतात तसं लिहा. आपल्याकडे ‘त्यांच्या घराण्यातच दमा आहे’ म्हणतात. सूचना म्हणून हवं असेल तर सरळ विचारा: ‘घरात आणखी कोणाला दमा आहे का, हे डॉक्टरांना सांगा.’

अनुवादिका :
हेच टाकते. आता पान तीन. तिथे ‘टेक’ सुरू होतोय, त्याचा धागा वेगळा काढते.