शाप की सवय?
इथे कोणीतरी बायबलच्या निर्गम २०:५ मधलं, बापांच्या पापाची शिक्षा मुलांना "तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत", हे वचन टाकून म्हटलंय की घराण्याचा शाप मोडायला खास प्रार्थनाच लागते, ते मला अर्धंच पटतं. पुढच्याच वचनात हजारोंवर दया आहे, ते मात्र कोणी टाकत नाही. आणि बायबलमधल्याच यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा १८वा अध्याय तर नेमका यावरच आहे, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली नि मुलांचे दात आंबले ही म्हण आता बंद करा असं देवच सांगतो.

तशी प्रार्थना मीही करून घेतलीय, दोनदा. आमचे वडील चिडले की चार-चार दिवस बोलायचे नाहीत, मीठसुद्धा आईमार्फत मागायचे, आणि मी हुबेहूब तेच करत होतो वर स्वतःला शांत स्वभावाचा समजत होतो (!). मग एकदा मुलगा बायकोला हळूच म्हणाला, "बाबांना विचार ना, माझ्यावर राग आहे का?" तेव्हा जाऊन त्याची माफी मागितली, पण घरात कधी ऐकलीच नव्हती त्यामुळे शब्दच सापडेनात. अजूनही गप्प बसावंसं वाटतं, फक्त आता बायकोला सांगून ठेवलंय की अर्ध्या तासाच्या वर गेलं तर सरळ टोक मला.