मदत हवी आहे: आई विचारते, "तो तुन्हा कोन लागस?" भूषणने काय सांगावं?

बोरीकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

इथे चालू असलेल्या माझ्या गोष्टीचे अकरा भाग झाले आणि बारावा सव्वा महिना अडकलाय. मालिकेखाली 'पुभाप्र'ची (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत) रांग लागली आहे, दोघांनी तर 'लेखक हयात आहेत ना?' असंही विचारून झालं. हयात आहे. कपाशीची फवारणी आणि क्लासची पोरं हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं सांगायला हा वेगळा धागा काढलाय, कारण मालिकेखाली विचारलं तर सगळंच फुटेल.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भूषण, वय सत्तावीस, अमळनेर तालुक्यातल्या एका गावचा, जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, वजनकाट्याचा मुनीम. दीपक शिरपूरकडचा, त्याच जिनिंगवर फिटर, भूषणच्याच घरी मागच्या खोलीत भाड्याने. दोघांचा एकमेकांवर जीव. बस, एवढीच गोष्ट. खून नाही, गुप्तधन नाही. पहिल्या भागाला चार प्रतिसाद आले होते, त्यातला एक माझाच, शुद्धलेखन सुधारल्याचा. वाचणारं कोणी भेटेल असं वाटलं नव्हतं.

आता वाचणारे भेटलेत आणि तीच पंचाईत झालीय. एक गट म्हणतो, दोघांना पुण्याला पळवा. दुसरा म्हणतो, रजिस्टर लग्न लावून द्या. अरे भावांनो, १७ ऑक्टोबर २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचलात ना? समलिंगी लग्नाला मान्यता द्यायची की नाही हे संसदेने ठरवायचं, असं म्हणून कोर्ट मोकळं झालं. मी कुठून लावू लग्न? तिसरा गट फक्त 'ते' कधी येणार एवढंच विचारतो. त्यांना सांगतो, सहाव्या भागात येऊन गेलं, तुम्ही घाईत वाचलं.

आणि काही जण व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतात. एकाने लिहिलं, "रात्री पाण्याची पाळी असते तेव्हा विहिरीवर बसून वाचतो, घरी वाचता येत नाही." त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. काय देणार?

मी स्वतः गे आहे. हे इथे पहिल्यांदाच लिहितोय. गोष्ट माझी नाही, पण आई माझ्याच आईसारखी आहे, म्हणून हात अडकतो.

बाराव्या भागात कानबाई देवी बसते. खान्देशाबाहेरच्यांसाठी: श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते, सोमवारी नदीवर विसर्जन. तिचा गव्हाचा नैवेद्य म्हणजे रोट. रोटाचे गहू घेताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घ्यायची, आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत.

तर आई ओट्यावर सूप घेऊन बसलीय. सासऱ्याच्या नावाची मूठ झाली, नवऱ्याची झाली, भूषणची झाली. चौथी मूठ भरते आणि हात तसाच धरून ठेवते. बोटांच्या फटीतून दोन-चार दाणे सुपात पडतात. भूषण दारात उभा. ती मान वर न करता विचारते,

"तो तुन्हा कोन लागस?"

इथे थांबलोय. सव्वा महिना.

प्रमाण मराठीत ती 'तुमचं काय चाललंय' असं विचारू शकली असती आणि मी पानभर संवाद लिहून मोकळा झालो असतो. पण ही बाई तसं विचारणार नाही. ती नातं विचारते. आणि नात्याच्या त्या जागी अहिराणीत माझ्याकडे शब्दच नाही. शालक, साडू, व्याही, जिभाऊ, सगळे आहेत. हा नाही. शिव्या मात्र पाहिजे तेवढ्या.

प्रश्न असे:

भूषणने काय उत्तर द्यावं? की देऊच नये?

आईने ती मूठ सुपात टाकणं पटेल का, की वाचकांना खूश करायला केल्यासारखं वाटेल? मलाच कळेनासं झालंय, कारण टाकली तर ढिगाने लाइकचे बदाम येणार हे मला माहीत आहे.

आणि जाता जाता, अहिराणी किती ठेवू? काही जणांना जड जातंय म्हणे.

---

शेवभाजी_स्पेशल

पयला! जिभाऊ, काहीही करा पण दीपकला मारू नका. प्रत्येक गोष्टीत एक जण रेल्वेखाली जातो नाहीतर विहिरीत. वैताग आलाय. पुभाप्र.

---

मांडेवाली

आमच्या घरी माझ्या लग्नापासून, म्हणजे एकतीस वर्षं कानबाई बसते, म्हणून बोलते.

भाऊ, आई ती मूठ टाकणार नाही. तुम्ही हात अडकतो म्हणता ते बरोबरच अडकतो. रोट कुळाचा असतो. आम्ही रोट दळायला देतो तर चक्कीवाला आधी चक्की धुऊन घेतो, इतकं सोवळं. माझी सख्खी मुलगी लग्न होऊन धुळ्याला गेली तर तिलासुद्धा आता आमचा रोट चालत नाही. पहिल्या वर्षी ती आली, पुरणपोळी खाल्ली, खीर खाल्ली आणि रोटाच्या ताटाकडे बघून गप्प बसली. मला गिळवला नाही घास. तरी दिला नाही. जिथे पोटची पोर बाहेरची होते तिथे भाडेकरू कुठला आत येतो?

पण एक सांगते. तुम्ही तिचा प्रश्न संशयाने विचारल्यासारखा लिहू नका. तिला सगळं ठाऊक असेल. दोन वर्षं त्याला वाढतेय, धुणं एका दोरीवर वाळतंय, आईला कळत नाही होय? ती हिशोब विचारतेय. मूठ कोणाच्या नावाने टाकू? बाईला नाव लागतं. 'कोन लागस' याचा अर्थ तिच्या लेखी एवढाच. तिला नाव द्या, मग ती काय ते ठरवेल.

आणि ओट्यावर नका बसवू तिला. देवाचे गहू आम्ही देवघरासमोर घेतो. ओट्यावर सतरा जण बघणार.

---

सदाशिव_पेठी_नाही

मी पुण्याचा, अहिराणी येत नाही. पहिले दोन भाग अडखळलो, मग कान बसला. 'शे' म्हणजे आहे, 'माले' म्हणजे मला, एवढं कळलं की निम्मं काम होतं. कंसात अर्थ द्यायची सवय मात्र सोडा. आठव्या भागात आई भांडतेय आणि दर ओळीला कंस, म्हणजे भांडणात दुभाषा उभा केल्यासारखं. जिथे अडेल तिथे दुसऱ्या पात्राच्या उत्तरातून अर्थ कळू द्या. 'तो तुन्हा कोन लागस' कोणालाही कळतं.

---

तिथी_वार_नक्षत्र

मालिकेचा पंखा आहे, तरी खोड जात नाही. नवव्या भागात कलम ३७७ चा निकाल येतो, समलिंगी संबंध गुन्हा नाही असा, म्हणजे ६ सप्टेंबर २०१८. दीपक ग्रीसचे हात धूत असतो आणि भूषण त्याला मोबाइल दाखवतो, तो प्रसंग झकास. पण त्याच वर्षीची नागपंचमी १५ ऑगस्टला होती, कानबाई १९ ऑगस्टला. म्हणजे बाराव्या भागातली कानबाई २०१९ चीच हवी. मधलं एक वर्ष कुठे गेलं?

दुसरं, अकराव्याच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, 'उद्या काट्यावर गाड्यांची रांग असणार.' श्रावणात कापूस कुठला? वेचणी दसरा-दिवाळीकडची. श्रावणात जिनिंग बंद असतं. दीपकला काम असेल, फिटर लोक तेव्हाच रोलर उतरवून दुरुस्ती करतात. भूषण मात्र घरीच असणार.

---

बोरीकाठचा

@तिथी_वार, मेलो. काट्याची चूक तर कबूलच, घरी कापूस असून लिहिली. वर्षाचं असं करतो: मधल्या वर्षात भूषणला मुली दाखवून झाल्या, चार ठिकाणी नकार देऊन झाला, हे दोन ओळींत येईल. खरं तर त्याने आईच्या प्रश्नाला जोरच येतो. आभार.

@मांडेवाली ताई, धुळ्याची गोष्ट वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. देवघरासमोर बसवतो.

---

जुनी_पानं

वाचकांच्या दबावाबद्दल थोडं. ह. ना. आपटे तुमच्या शेजारच्या पारोळ्यात जन्मलेले, १८६४ साली. १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढून त्यांनी आठवड्याआठवड्याने कादंबऱ्या चालवल्या. पुढचा अंक येईपर्यंत लोक थांबायचे. क्रमशः लिहिणाऱ्याच्या मानेवर वाचक बसलेला असणं ही आपल्याकडे सव्वाशे वर्षांची जुनी रीत आहे, तुमच्या वाट्याला काही नवीन आलेलं नाही. फरक इतकाच की त्यांना बदाम दिसत नव्हते. तुम्ही भाग टाकल्यावर दोन दिवस इथे येऊ नका, असा माझा सल्ला. तुम्ही येणार, ते वेगळं.

शिवाय पुढचे दोन भाग लिहून हाताशी ठेवा आणि मगच एक टाका. आज लिहून आज टाकलं की प्रतिसाद थेट पुढच्या भागात शिरतात. तुमच्या दहाव्यात ते दिसतंय. दीपक अचानक कविता म्हणायला लागला, कारण नवव्याखाली कोणीतरी मागितली होती.

---

शेवभाजी_स्पेशल

कविता मीच मागितली होती. सॉरी जिभाऊ.

---

नवा_सदस्य_४४

इथे फक्त वाचतो, आज लिहायला म्हणून आयडी काढला.

मला माझ्या आईने विचारलं होतं. इतकं छान नाही, चहा गाळताना. "हाऊ कोन शे?" मी म्हटलं, मित्र. नऊ वर्षं झाली. अजून मित्रच आहे. दिवाळीला त्याच्यासाठी फराळाचा वेगळा डबा असतो, आणि डब्यावर पट्टी चिकटवलेली असते, तिच्या अक्षरात: 'मित्र'. त्याचं नावसुद्धा लिहीत नाही.

भूषण दुसरं काही म्हणूच शकणार नाही. प्रतिसादांत सगळे म्हणताहेत, ताठ मानेने सांग. घरात, सणाच्या दिवशी, आजोबा खाटेवर असताना? तो 'मित्र' म्हणेल. लिहा तसंच. भित्रा म्हणतील काही जण, म्हणू द्या.

पण मी तेव्हा 'मित्र' म्हटलं तेव्हा तो बाहेरच्या खोलीत बूट घालत होता, आणि त्याने ऐकलं. ते मला नंतर कळलं. त्या दिवशी आम्ही भुसावळपर्यंत मोटरसायकलवर गेलो, आणि तो वाटेत एक शब्द बोलला नाही. तुमच्या भागात दीपक कुठे आहे? मागच्या खोलीत आहे ना? मग त्याला ऐकू येणारच. मूठ टाकली की नाही हे नंतरचं.

---

मांडेवाली

@नवा_सदस्य, डब्यात काय काय असतं रे?

---

नवा_सदस्य_४४

चकल्या, शेव, अनारसे. अनारसे मला देत नाही, त्यालाच देते. मला गोड चालत नाही म्हणते. चालतं.

---

बोरीकाठचा

काल रात्री बसलो आणि भाग झाला. इतके दिवस मी दीपकला नदीवर नेऊन ठेवलं होतं, त्या प्रसंगात तो घरी नव्हताच. म्हणून आई आणि भूषण एकमेकांकडे बघत बसले होते. आता तो मागच्या खोलीत पंख्याची वायर जोडतोय, दार लोटलेलं. भूषण 'मित्र शे' म्हणतो. पेचकस खाली ठेवल्याचा आवाज येतो. आईलाही येतो. मग ती हातातल्या मुठीचं जे काय करायचं ते करते.

@नवा_सदस्य, पट्टी चिकटवलेला डबा पुढेमागे वापरू का? तुम्ही नको म्हणालात तर नाही वापरणार. व्यनि करा.

विहिरीवर वाचणाऱ्यालाही आज उत्तर लिहिलं. दोनच ओळी.

जुनी_पानं यांचं ऐकून तेरावाही अर्धा लिहून ठेवलाय. बारावा रविवारी रात्री टाकतो.

---

शेवभाजी_स्पेशल

जिभाऊ, मूठ टाकली का नाही तेवढं सांगा ना. कोणाला नाही सांगणार.

---

मांडेवाली

रविवारी म्हणजे किती वाजता?