सागरी तेलशोधाच्या ब्लॉकमध्ये आधी काय: उंचवटे की सीक्वेन्स?

वालुकाश्म: आधी टाइम मॅपवरचे (ध्वनिलहर परतायला लागलेल्या वेळेच्या नकाशावरचे) उंचवटे हेरायचे आणि सीक्वेन्स स्ट्रॅटिग्राफी (समुद्रपातळीच्या चढउतारानुसार थरांचे गट पाडणं) शेवटी अहवालाला चिकटवायची, ही पद्धत मोडीत काढा. ठळक उंचवटे बहुतेक खोऱ्यांत कधीच खोदून झालेत. आधी सिस्मिकवर (ध्वनिलहरींनी घेतलेल्या थरांच्या चित्रावर) ऑनलॅप, डाउनलॅप, ट्रंकेशन, म्हणजे थर टेकून, उतरून किंवा कापले जाऊन जिथे संपतात त्या जागा, खूण करून घ्या, सीक्वेन्स बाउंडरी (गटांच्या सीमा) बांधा. मग समुद्रपातळी खाली असताना वाळू कोणत्या दरीतून उतारावर गेली ते पाहा. घानाचं जुबिली क्षेत्र (२००७) घ्या. वाळू चढाच्या बाजूला निमुळती होऊन संपते, हा तिथल्या सापळ्याचा (तेल अडवून ठेवणाऱ्या रचनेचा) मोठा भाग.

विभंग: असहमत. चारी बाजूंनी उतरत्या उंचवट्याला वरचं झाकण पुरतं. तुमच्या पंख्याला (उतारावर पसरलेल्या वाळूला) वर, खाली आणि चढाकडे, तिन्हीकडे लागतं. फीडर चॅनेलमध्ये (वाळू आणणाऱ्या दरीत) थोडी वाळू राहिली की तेल तिथूनच निसटणार. शिवाय वेग ३००० मी./से. आणि वारंवारिता ३० हर्ट्झ धरली तर तरंगलांबी १०० मीटर. तिच्या पाव, म्हणजे २५ मीटरपेक्षा पातळ थराचा माथा-तळ वेगळा दिसत नाही. नकाशावर पिंचआउट (वाळू संपण्याची रेषा) काढता, त्याच्याही पुढे वाळू असू शकते.

वालुकाश्म: आणि तुमचे उंचवटे खरे कशावरून? समुद्रतळावर २०० मीटरची दरी असेल तर गाळाच्या (२००० मी./से.) जागी पाणी (१५००) येतं. दुतर्फा वेळेत ६७ मिलिसेकंदांची भर! खालचे थर खोटेच खचतात, शेजारी आयता उंचवटा उभा. २५०० च्या वेगानं तो सुमारे ८३ मीटरचा भरतो.

विभंग: तो टाइम मॅपचा दोष, नीट वेग मॉडेल आणि डेप्थ मायग्रेशन (थर खऱ्या खोलीवर बसवणं) करा. माझी खरी भीती काळाची. अलास्काजवळचं मुकलुक (१९८३) आठवा: प्रचंड उंचवटा, विहिरीत तेलाचे डाग आणि पाणी. तेल येऊन निघून गेलेलं. म्हणून थर एकेक उलगडून रिस्टोरेशन करायचं, सोर्स रॉक (तेल तयार करणारा खडक) तेल सोडत होता तेव्हा उंचवटा होता का आणि पुढे कलला का, ते बघायचं.

गाळमापक: उलगडायला थरांची वयं लागतात, ती कोणीच विचारली नाहीत. ग्रोथ फॉल्टच्या (गाळ साचतानाच सरकत राहिलेल्या भेगेच्या) दोन अंगांचे दिसायला सारखे रिफ्लेक्टर (सिस्मिकवरच्या थररेषा) जोडले की सीक्वेन्सही चुकतो, थ्रोही (थर किती खाली सरकला तेही). मग वाळूसमोर शेल (तेल अडवणारा चिकणमातीचा खडक) आहे की वाळू, हा हिशेबच कोलमडतो. जुन्या विहिरींचे जीवाश्म तपासा, पण कटिंग्जमध्ये (खोदताना वर येणाऱ्या तुकड्यांत) वरचा माल ढासळून मिसळतो. त्यामुळे वरून खाली जाताना प्रजाती पहिल्यांदा दिसते तीच खोली धरा. प्रजातीचा तळ हवा असेल तर साइडवॉल कोअर (विहिरीच्या भिंतीतून काढलेला नमुना).