पोर्टेबल एमपी३ प्लेअर : मान रिओचा की आयपॉडचा?

तारसप्तक:
परवा भाचीने विचारलं, फोन यायच्या आधी गाणी कशावर ऐकायचात? तिचा बाबा छाती फुगवून म्हणाला, "आयपॉडवर! पहिला एमपी३ प्लेअर तोच." डोकंच फिरलं माझं. आयपॉड जाहीर झाला २३ ऑक्टोबर २००१ ला. कोरियातल्या सेहानचा एमपीमॅन १९९८ मध्येच आला होता, आणि त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड कंपनीचा रिओ पीएमपी३००. डिस्क नाही, चिपवरची मेमरी ३२ एमबी, किंमत २०० डॉलर.

माझं म्हणणं असं की खरी लढाई रिओने लढली. ऑक्टोबर १९९८ मध्ये तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने त्याची विक्री थांबवायला कोर्ट गाठलं. १९९२ च्या कायद्याप्रमाणे डिजिटल रेकॉर्डिंगच्या यंत्राला रॉयल्टी भरावी लागे, शिवाय कॉपीची कॉपी होऊ नये अशी सोय आत बसवावी लागे. जून १९९९ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, रिओ या कायद्यात बसतच नाही. तो गाणी घेतो कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवरून, आणि हार्ड डिस्क म्हणजे काही कॅसेट नव्हे. स्वतःची गाणी स्वतःसाठी एका जागेवरून दुसऱ्या जागी नेली तर बिघडलं कुठे? ॲपल या वाटेने चालत आलं ती काटे काढून झाल्यावर.

जुना वायरमन:
खटला मान्य. पण खटल्यात काही गाणी ऐकू येत नाहीत हो. मी तेव्हा सॅन होजेला नोकरीला होतो, हौसेने रिओ घेतला. १२८ केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट एवढं दाबलेलं गाणं मिनिटाला साधारण एक एमबी खातं, म्हणजे सगळा मिळून अर्धा तास. सात-आठ गाणी. तीही प्रिंटरच्या पोर्टातून भरायची. दोन दिवसांत तीच गाणी ऐकून कान किटायचे, की रात्री पुन्हा कॉम्प्युटरपुढे बैठक.

आयपॉडात पाच जीबीची तोशिबाची १.८ इंची डिस्क होती. गंमत पुढे आहे. डिस्क सतत फिरली तर बॅटरी खाणार आणि चालताना गाणं अडखळणार. म्हणून आत ३२ एमबीची वेगळी मेमरी. डिस्क थोडा वेळ फिरून ती भरायची आणि झोपायची, वीसेक मिनिटं गाणी त्या साठ्यातून. म्हणजे रिओचा अख्खा संसार जेवढा, तेवढी यांची नुसती तहानलाडू-भूकलाडूची पुरचुंडी!

तारसप्तक:
डिस्कचं कौतुक ॲपलला कशाला? कॉम्पॅकच्या प्रयोगशाळेतून निघालेला पर्सनल ज्यूकबॉक्स १९९९ मध्येच ४.८ जीबीचा होता. क्रिएटिव्हचा नोमॅड ज्यूकबॉक्स २००० सालचा, सहा जीबी. ॲपल फक्त लहान डिस्कची वाट बघत बसलं.

जुना वायरमन:
वाट बघायलाही अक्कल लागते. नोमॅड आकाराने सीडी प्लेअरएवढा, कुठल्या खिशात घालणार? त्यात जुना यूएसबी, सेकंदाला १२ मेगाबिट. पाच जीबी भरायला कागदावरच पाऊण तासाच्या वर, प्रत्यक्षात त्याहून जास्त. आयपॉडची जोडणी फायरवायर नावाची, सेकंदाला ४०० मेगाबिटची.

विलंबित:
तुम्ही दोघं गाणी मोजताय. ख्याल ऐकणाऱ्याचं काय? अर्ध्या तासात बडा ख्यालच जेमतेम संपतो. मोनो करून (दोन्ही कानांत एकच आवाज) ६४ केबीपीएसला दाबलं तर तासभर बसतं, पण तानपुरा पत्र्याच्या डब्यात ठेवल्यासारखा वाजतो. आणि आयपॉडवाल्यांनो, फार फुशारू नका. विलंबित एका ट्रॅकवर, द्रुत दुसऱ्यावर, आणि मधे तानपुरा क्षणभर गप्प! हे भोक बुजायला २००६ उजाडलं.

नांदेडकर:
सगळे अमेरिकेतच फिरताय. आमच्या गावात ना रिओ आला, ना आयपॉड. आला तो २५६ एमबीचा चिनी प्लेअर, पेनड्राइव्हसारखा थेट कॉम्प्युटरला खुपसायचा. नाव काहीही छापलेलं, रेडिओ आणि रेकॉर्डिंग फुकट. आमच्या आण्णांनी त्यात गावच्या सप्त्यातलं कीर्तन भरून आणलं होतं. निम्म्यात नुसत्या खोकल्याचा आवाज. त्यातही डिस्क नव्हती, चिपच होती.

तारसप्तक:
घ्या! म्हणजे घराणं रिओचंच. आणि २००५ चा आयपॉड नॅनो? त्यानेही डिस्क टाकून चिपच घेतली की.

जुना वायरमन:
नॅनोत दोन आणि चार जीबी होते मालक. घराण्याचं नाव तेवढं सांगू नका.

बाकी या भांडणापायी काल माळ्यावरून माझा रिओ काढला. पेन्सिल सेल आतच राहिलेला, पाझरून स्प्रिंग हिरवी पडलीय. लिंबू लावून घासतोय. १९९९ ची कुठली आठ गाणी आत आहेत ते अजिबात आठवत नाही. चालू झाला तर इथेच सांगतो.