सफवी इराणात न्याय होता की नुसती शहाची मर्जी?

पारिजातक: सफवी इराण (1501–1722) म्हटलं की डोळे काढणं आणि मुंडकी उडवणं, एवढंच ऐकायला मिळतं. मला हे फार अर्धवट वाटतं. लग्न, वारसा, करारमदार काझी बघत. खून, बलात्कार, डोळा फोडणं आणि दात पाडणं हे चार गुन्हे दिवाणबेगी या बड्या न्यायाधिकाऱ्याकडे जात. राजधानी इस्फहानात अली कापू राजवाड्याच्या देवडीशी त्याची कचेरी भरे आणि सद्र हा धर्माधिकारी त्याच्यासोबत बसे. रस्त्यांवर राहदार म्हणजे वाटेवरचे पहारेकरी असत. व्यापारी लुटला गेला तर चोर शोधा, नाहीतर तिथल्या हाकिमाने म्हणजे सुभेदाराने भरपाई द्यावी, असा दंडक होता. पदरचे पैसे जायची भीती असली की पहारा आपोआप कडक होतो. शार्दाँ आणि तॅव्हर्निये हे फ्रेंच जवाहिरे उंची माल घेऊन याच वाटांनी फिरले. याला व्यवस्था नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

चौकस: साक्ष कोणाची काढताय? शार्दाँ तर शहाचाच व्यापारी! रयतेचं बोला. 1571 च्या सुमारास व्हेनिसचा राजदूत दालेस्सांद्री लिहितो की शहा तहमास्प अकरा वर्षं वाड्याबाहेर पडलेला नाही. लोक रात्रंदिवस दाराशी न्याय मागत ओरडतात. उत्तर काय, तर त्यासाठी न्यायाधीश नेमलेत, त्यांच्याकडे जा. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याकडेच परत! आणि थोर म्हणवणाऱ्या शहा अब्बासने 1615 मध्ये नुसत्या संशयावरून पोटचा मुलगा सफी मिर्झा मारवला. कुठला काझी विचारला होता?

मोगरी: दोघंही दरबारातच अडकलात. खुन्याला दोषी ठरवलं की मृताच्या नातलगांच्या हवाली करत. जीव घ्या, माफ करा किंवा दिया म्हणजे रक्ताची रक्कम घ्या. कागदावर हा घरच्यांचा हक्क. पण खुनी पैसेवाला आणि मागे राहिलेली विधवा कफल्लक असेल, तर ती निवडणार काय? माझा राग शहाच्या तलवारीपेक्षा या सौद्यावर जास्त आहे.

पारिजातक: मोगरी, सौदा होई, मान्य. पण तिच्या होकाराशिवाय तो होत नसे, हे कमी नाही. आणि चौकस, अली कापूचा उंबरठा विसरलात. कर्जबुडवा असो की फरारी, तिथे आसरा घेतला की खुद्द शहाशिवाय कोणी त्याला हलवू शकत नसे. तेवढ्या अवधीत तडजोड होई.

चौकस: "शहाशिवाय"! माझा मुद्दा तुम्हीच लिहिलात. आणि इस्फहानातला उंबरठा केर्मानच्या शेतकऱ्याच्या काय कामाचा?